विंचवाचं बिऱ्हाड विकताना

आमच्या घराच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांना खेटून, चार वर्षं एक बिऱ्हाड उभं होतं. मोटारीच्या मागे अडकवून ओढत न्यायची चाकांवरची खोली. इथे इंग्लंडात तिला कॅरव्हान म्हणतात. आमची स्प्राइट अल्पाइन, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आत समोरासमोर दोन बाकं, मधलं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग. दोन शेगड्यांचा ओटा, हातपंपाचा नळ, भिंतीवर गॅसचा दिवा आणि नारिंगी-तपकिरी फुलांचे पडदे. याच बिऱ्हाडातून आम्ही तिघांनी डेव्हन पाहिलं, वेल्सचा किनारा पाहिला. मग मुलगा ताडमाड वाढला, त्याचे पाय फळीच्या बाहेर येऊ लागले, आणि जानेवारीत बायकोने जाहीर केलं, "विकून टाकू या."

एप्रिलात बाबा आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत, पत्र्याच्या कामावर. चासीवर सांगाडा, सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पत्र्याला रिव्हेट. जन्मभर हेच. बायको लेखापरीक्षक, ब्रिस्टलमध्ये दुसऱ्यांचे हिशेब तपासते. सासरे-सुनेचं छान जमतं, पण दोघंही तपासणारी माणसं. एकाचा विश्वास हाताच्या बोटांवर, दुसरीचा आकड्यांवर. कॅरव्हान या दोघांच्या मधोमध आली आणि पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं, ते मी जमेल तसं टिपून ठेवलं.

"विकायची म्हणता ना?" दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबा कॅरव्हानला प्रदक्षिणा घालून आले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने पत्रा वाजवून बघत. "मला दीड महिना द्या. घासून, लांबी भरून पांढरा झाक रंग मारतो. गाद्या नव्या, पडदे नवे. गिऱ्हाईक बघतच राहील."

"बाबा, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला होईल."

"का? जुनी गाडी नवी दिसली की भाव चढणारच."

"चढेल. पण रंग, फोम, कापड यांत जेवढे पैसे जातील तेवढा नाही चढणार. मी मांडून बघितलंय. आणि मुळात घेणार कोण, ते तरी ठरवा."

"ज्याला फिरायचंय तो."

"तो एक झाला. लहान मुलं असलेलं जोडपं धरा. त्यांना पुढच्या शनिवारी निघायचं असतं. टायर, ब्रेक, गॅस नीट हवं, पडद्यांशी घेणंदेणं नाही. दुसरा जुनं जमवणारा. त्याला हे नारिंगी पडदेच हवेत. तुम्ही ते उतरवलेत तर तो दारातूनच परत फिरेल. आणि तिसरा कॉफीचा ठेला टाकणारा. तो आतलं सगळं उपटून फेकणार. तुमच्या नव्या गाद्या पहिल्या दिवशी रस्त्यावर."

"कॉफीचा ठेला? यात?" बाबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे टपरीच की!"

"टपरीच. इथे जत्रांत, लग्नांत अशा जुन्या कॅरव्हान उभ्या असतात. खिडकीला फळी ठोकली की दुकान. म्हणून म्हणते, आपण काहीच करायचं नाही. आहे तशी, आहे तिथे. भाव कमी सांगायचा, पुढचं ज्याचं तो बघेल. काही लोकांना तर दुरुस्त करण्यातच मजा येते. ती आपण का हिरावून घ्यायची?"

"पोरी, आमच्या फाटकातून मळकी गाडी बाहेर पडायची नाही."

"ती प्रवाशांसाठी बाहेर पडायची बाबा, विकायला नाही."

"आत माणसंच बसणार ना? मग फरक काय पडला?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कचऱ्याचे डबे रस्त्यावर न्यायला निघालो. त्या दिवशी सुदैवाने वार तोच होता.

रविवारी चहाला बाबांनी वेगळाच मुद्दा काढला. "मला एक कळत नाही. चांगली विटांची घरं सोडून ही माणसं पत्र्याच्या डब्यात जाऊन का राहतात? आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे कौतुकाने म्हणत नाहीत कोणी."

मला सांगायला आवडेल असं उत्तर होतं, कारण गोष्ट याच गावची. १८८५ साली नौदलातून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरने इथल्या ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून स्वतःसाठी एक गाडी बांधून घेतली, नुसती हिंडण्यासाठी. नाव ठेवलं 'वॉन्डरर'. ओढायला दोन घोडे. रस्ता मोकळा आहे का ते बघायला नोकर तीनचाकी सायकलवर पुढे. हौसेच्या कॅरव्हानचा वंश तिथून मोजतात. १९०७ साली कॅरव्हानवाल्यांचा क्लब निघाला. पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने घोड्यांच्या जागी मोटार आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम ॲल्पर या माणसाने स्प्राइट काढली ती पगारदारांच्या खिशाला परवडेल अशी. आमची अल्पाइन त्याच घराण्यातली.

"म्हणजे सायकलवरचा नोकर गेला आणि हौस खाली उतरली," बाबा म्हणाले. "बरं झालं. पण ऊसतोडीची बिऱ्हाडं बैलगाडीतून निघतात, त्यांचा क्लब काढायला कोणी जात नाही."

"इथे तरी काय वेगळं झालं?" बायको म्हणाली. "ही कल्पना मुळात रोमानी लोकांच्या गाड्यांवरून उचललेली. डॉक्टरसाहेब निघाले की सहल, आणि रोमानी आले की गावकरी हुसकून लावायला हजर."

या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं, म्हणून मी लगेच कॅरव्हानच्या बांधणीकडे वळलो. आमची अल्पाइन बांधली त्या काळच्या मोटारी लहान, त्यांना ओढवेल अशी खोली हलकीच हवी. म्हणून खाली लोखंडी चासी, तिच्यावर बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून हार्डबोर्ड.

बाबा ताठ बसले. "म्हणजे आपली एसटीच, पण हाडं लाकडाची."

"हो."

"मग पत्रा वाजवून काही कळायचं नाही. हाडं बघायला पाहिजेत."

पुढचे दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या सकाळी बाबा कॅरव्हानचं दार उघडून नुसते उभे राहिले, आत गेले नाहीत. "वास येतोय बघ. भिजलेल्या पोत्याचा."

"जुन्या कॅरव्हानला असा वास असतोच, बाबा."

"वास कुठून तरी येतो. आपोआप नसतो."

बायकोने शेजाऱ्याकडून ओल मोजायचं यंत्र आणलं. दोन टाचण्यांसारखी टोकं भिंतीत टोचायची की आकडा येतो. साधारण पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, वीस ओलांडलं तर पाणी शिरतंय, आणि तिसाच्या पुढे गेलं तर सांगाड्याला धोका पोचला असं धरतात. ती एकेका जागेचा आकडा वहीत लिहीत गेली. १२, १४, १३, १५. मागच्या डाव्या कोपऱ्यात खिडकीच्या वर टोचलं आणि तिचं पेन थांबलं. ३८.

"उघडायचं," बाबा म्हणाले. या वेळी 'कशाला' असं कोणी विचारलं नाही.

कॅरव्हानच्या कडेने छपरापासून खालपर्यंत ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. तिच्या खाचेत बाहेरच्या तंबूचं कापड सरकवतात. खरं तर ती पट्टी दोन पत्र्यांचा सांधा झाकते. तिच्याखाली मास्टिकचा मऊ थर आणि त्याच्यातून लाकडात गेलेले स्क्रू. थर मऊ असेपर्यंत पाणी बाहेर राहतं. पन्नास वर्षांत तो वाळतो, तडकतो. मग पाणी स्क्रूच्याच वाटेने आत उतरतं. बाबांनी पहिला स्क्रू फिरवला, त्याचं डोकं तुटून हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. भोकांभोवती पांढरी भुकटी साचली होती.

"हे बघ," त्यांनी सुनेला जवळ बोलावलं. "स्क्रू लोखंडाचा, पत्रा ॲल्युमिनियमचा. दोन धातू एकमेकांना टेकून ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आम्ही दोघांच्या मध्ये रंगाचा हात दिल्याशिवाय पत्रा चढवायचो नाही."

पट्टी निघाली. खाली सिलिकॉनचा जाड, चकचकीत लेप. तो खरवडला तेव्हा त्याच्याखाली मूळचं मास्टिक सापडलं, वाळलेल्या मातीसारखं चुरणारं. बाबांनी पत्र्याची कड हलकेच उचलली, आत बोट घातलं, आणि बोट लाकडात गेलं. बाहेर आलं तेव्हा नखाला काळपट, ओला लगदा होता. गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखा.

कोणी काही बोललं नाही. मला चार वर्षांपूर्वीची दुपार आठवली. ही कॅरव्हान ज्याच्याकडून घेतली त्याने ती नुकती रंगवली होती. नवा पांढरा रंग उन्हात चमकत होता आणि आम्ही पाच मिनिटांत भाळलो होतो. कागद बघायची सोय नव्हतीच. ओढायच्या कॅरव्हानला इथे मोटारीसारखी दरवर्षीची तपासणी नाही, आणि त्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा १९९२ साली सुरू झाली. त्याआधीच्या गाडीची जन्मपत्रिका चासीवरच्या बिल्ल्यापुरती. त्या माणसाने वरून सिलिकॉन थापलं होतं, त्यावर रंग. वरच्या फटीतून पाणी येत राहिलं आणि खालची वाट लेपाने बंद केल्यामुळे आतच मुरत राहिलं.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," बाबा म्हणाले. बोट रुमालाला पुसत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आणि मी तरी वेगळं काय करणार होतो? लांबी भरून झाक रंगच मारणार होतो ना?"

"तुम्ही फसवायला नव्हता मारणार."

"कोपऱ्याला काय कळतंय मी कशाला मारला ते? तो आत कुजतच राहिला असता."

"मग माझं तरी काय?" बायको पायरीवर बसली. "आहे तशी, आहे तिथे, असं मी म्हणत होते. पण ती कशी आहे हे मला कुठे माहीत होतं? चार वर्षं याच भिंतीला उशी लावून झोपले मी."

मला वाटलं, वाद मिटला. तो त्या दिवशी खरा सुरू झाला.

"आता कळलंय ना, मग सांगून विकू," ती रात्री जेवताना म्हणाली. "मागचा डावा कोपरा कुजलाय, फोटो हे असे, त्याचे एवढे पैसे कमी. सगळं उघड. यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही. पण पाणी थांबणार आहे का?"

"ते घेणारा थांबवेल."

"कधी? तो न्यायला येईपर्यंत दोन आठवडे जातील. त्याला वेळ मिळेपर्यंत हिवाळा उजाडेल. तोवर कोपऱ्याची ओल छपरात चढेल. आणि तो म्हणाला, आधी एक सहल करून येतो, मग बघू, तर? रस्त्यावर मागची भिंत सुटली तर मागून येणाऱ्याला तू सांगितलेलं असणार आहे का?"

बायको गप्प झाली, मग उठून लॅपटॉप घेऊन आली. १९८८च्या इथल्या वाहतूक कायद्याचं ७५वं कलम तिने मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. रस्त्यावर चालवायला धोकादायक अवस्थेतली गाडी विकणं हा गुन्हा आहे, आणि त्यात ओढायचा ट्रेलरही येतो. "पण पळवाटही आहे. दुरुस्त होईपर्यंत ती रस्त्यावर वापरली जाणार नाही असं मानायला आपल्याकडे कारण असेल, तर गुन्हा नाही."

"म्हणजे कायद्यालाही माझ्यासारखीच शंका आहे," बाबा म्हणाले. त्यांनी ताटातली भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "मी काय म्हणतो ते ऐक. गाडीचे दोष दोन जातीचे. एक थांबलेला, एक चालू. दाराला पोचा आहे, तो ज्याने पाडला त्याने पाडला, उद्या वाढणार नाही. पडद्याचा रंग विटलाय, तो विटलाय. हे थांबलेले. हे गाडीचं वय. त्याला आपण हात लावायचा नाही, तुझं बरोबर होतं. पण पाणी चालू आहे. आपण झोपलो तरी ते काम करतंय. चालू दोष दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. आधी थांबवायचा, मग द्यायचा."

तिने वही ओढली, पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'थांबलेले', दुसऱ्या बाजूला 'चालू'. मला हसू आलं. बाबांची गोष्ट तिला पटली की तिचा तक्ता होतो.

"रंग?" तिने विचारलं.

बाबांनी सुस्कारा टाकला. त्यांचा जीव रंगात होता. "थांबलेला."

"गाद्या?"

"थांबलेल्या."

"टायर?"

"टायर तर चांगले आहेत. नक्षी शाबूत आहे, नखाएवढी खोल."

"नाही बाबा. टायर चालू." ती त्यांना अंधारात टॉर्च घेऊन बाहेर घेऊन गेली आणि टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले. २३१४. २०१४ सालचा तेविसावा आठवडा. "कॅरव्हान वर्षातले अकरा महिने एका जागी उभी असते. तिचा टायर झिजत नाही, रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. पाच वर्षांनी बदला, सातच्या पुढे तर नकोच, असं इथे सांगतात. भर वेगात फुटला तर कॅरव्हान मोटारीलाही घेऊन आडवी होते."

बाबा टॉर्चच्या उजेडात उकिडवे बसून ते आकडे बघत राहिले. "आमच्याकडे टायरला म्हातारं व्हायला वेळच मिळाला नाही," ते म्हणाले. "घासला, की वर नवं रबर चढवून पुन्हा रस्त्यावर." मग उठत म्हणाले, "लिही. चालू."

गॅसच्या दिव्यावर मात्र अडलं. भिंतीवरचा तो छोटा दिवा, वर काचेची चिमणी, आत जाळीचं मेंटल. आमच्या गावच्या उरुसातल्या पेट्रोमॅक्सला असायचं तसलंच. बाबांना तो काढून टाकायचा होता.

"लाकडाची खोली, हार्डबोर्डची भिंत, आणि त्यात उघडी ज्योत. हे चालू नाही तर काय आहे?"

"पण जुनं जमवणारा याच्यासाठीच तर येईल. हा गेला की भिंतीवर दोन भोकं राहतात आणि गाडीचं निम्मं तोंड जातं."

"तोंड राखायला घर जाळायचं?"

शेवटी गॅसच्या परवानाधारक कारागिराला बोलावलं. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि रेग्युलेटर बदलले, शेगड्या तपासल्या, आणि दिव्याकडे येणारी नळी मुळापाशी टोपण घालून बंद केली. दिवा जागेवर राहिला. धोका गेला, भोकं पडली नाहीत. बाबा त्या दिवशी दोनदा म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं." शेगडीमागचा राखाडी तक्ता उचकटायला त्यांनी हात घातला होता, तेवढ्यात कारागिराने त्यांना अडवलं. त्या काळच्या काही कॅरव्हानमध्ये उष्णतेपासून बचाव म्हणून ॲस्बेस्टॉस वापरलेलं असे. तो तक्ता तपासून घेईपर्यंत न कापता, न भोकं पाडता तसाच ठेवायचा ठरला, आणि वहीत त्याची वेगळी ओळ झाली.

कोपऱ्याचं काम बाबांनी कोणाला करू दिलं नाही. पत्रा दुमडू नये म्हणून कडेला लाकडी ठोकळे देऊन तो बेताने उचलून धरला, आणि कुजलेलं लाकूड पटाशीने काढत गेले. मला वाटलं होतं वीतभर निघेल. ते खिडकीच्या खालपर्यंत गेले.

"किती काढणार, बाबा?"

"पटाशी 'नाही' म्हणेपर्यंत." त्यांनी पटाशीचं टोक टेकवून दाबलं, ते रुतलं. आणखी चार बोटं खाली टेकवलं. रुतलं नाही, कोरडा टक असा आवाज आला. "इथं निरोगी लागलं. याच्यापुढे एक वीत आणखी घ्यायचं आणि तिथे जोड द्यायचा. कुजक्याला नवं लाकूड जोडलं तर नवंही कुजतं."

मग दोन आठवडे काही नाही. आत हवेतली ओल शोषणारं यंत्र लावून ठेवलं आणि रोज संध्याकाळी बायको आकडा लिहायची. २९. २४. २१. बाबा उगाच येरझाऱ्या घालायचे. १६ आल्यावर त्यांनी नव्या पट्ट्या बसवल्या, जुन्या-नव्याची टोकं अर्धी अर्धी तासून एकावर एक, मध्ये पाण्याला दाद न देणारा गोंद. पत्रा परत खाली बसवला. पट्टीखाली ब्युटाइलची चिकट फीत, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. स्क्रू आवळले की फीत कडेने बाहेर फुगते. ती दुसऱ्या दिवशी लाकडी पातीने कापून टाकायची. फीत कायम मऊ राहते, गाडी हादरली तरी सांध्याबरोबर हलते. सिलिकॉनची नळी मी विकत आणली होती, ती बाबांनी परत करायला लावली. "याच्यावर पुढे काहीच चिकटत नाही. ज्याला पुन्हा उघडायचं असेल त्याने काय करायचं?"

परीक्षा बागेच्या नळीने घेतली. मुलगा टॉर्च घेऊन आत बसला. मी नळी छपरावर धरणार तोच बाबा ओरडले, "खालून! खालून वर ये. वरून मारलंस तर गळतंय कुठे ते कळणार कसं?" आधी चाकाची कमान, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, शेवटी छप्पर; एकेका जागी पाच-पाच मिनिटं. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, "आजोबा, कोरडं! आणि मला कंटाळा आला!"

आतून हार्डबोर्ड लावताना बाबांनी तो चिकटवला नाही. पितळी वाट्या घालून सहा स्क्रूंवर बसवला.

"हे दिसतंय बाबा," बायको म्हणाली. "बाकी भिंत सपाट आणि इथे सहा स्क्रू. बघणाऱ्याची नजर पहिली इथेच जाईल."

"जाऊ दे. त्याच्या हातात पेचकस द्यायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

जाहिरातीचा मजकूर ती लिहिणार होती. पहिला खर्डा तिने वाचून दाखवला: जपलेली, मूळ स्वरूपातली, एका कुटुंबाने प्रेमाने वापरलेली. बाबा ऐकत होते.

"प्रेमाने म्हणजे किती टक्के?" त्यांनी विचारलं.

ती हसली आणि खोडायला बसली. नवा मजकूर असा झाला: मागच्या डाव्या कोपऱ्यात पाणी शिरलं होतं, लाकूड कुठून कुठपर्यंत बदललं त्याचे फोटो आहेत, आतली फळी सहा स्क्रूंवर आहे, उघडून बघावी. टायर नवे. गॅसची तपासणी झाली, कागद आहे. गॅसचा दिवा शोभेचा, नळी बंद. शेगडीमागचा तक्ता तपासल्याशिवाय कापू नये. दाराला पोचा आहे. पडदे, गाद्या मूळच्या, विटलेल्या. जुन्या फोमला आग लवकर लागते, तेव्हा आत झोपायचं असेल तर तो बदलावा. रंग आमच्या आधीच्या मालकाचा.

"एवढं वाचून कोण येईल?" मी म्हणालो.

"ज्याला नको तो येणार नाही. त्याचा वेळ वाचला, आपला चहा वाचला," बायको म्हणाली. बाबांनी मान डोलावली. महिनाभरापूर्वी हेच वाक्य ती त्यांना सुनावत होती, एवढं मला आठवलं; पण मी बोललो नाही.

खर्च मात्र तिने वेगळ्या पानावर मांडला, तो कॅरव्हानबरोबर द्यायच्या वहीत. टायर, लाकूड, फीत, स्क्रू, गॅसवाला. शेवटी एक ओळ: श्रम, ६३ तास.

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. "हे काय? मी चाळीस सांगितले होते."

"पहाटे पाचला खालच्या दाराची कडी वाजते, बाबा. मला जाग येते."

"घरच्या माणसाचे तास कोणी लिहितं का? खोड ते. शून्य टाक."

"शून्य टाकलं तर तेही झाकणंच झालं ना?" तिने पेन खाली ठेवलं नाही. "घेणाऱ्याला वाटेल, दोन पट्ट्या आणि एक फीत, किती सोपं काम. उद्या उजवा कोपरा गेला की तो तासाभरात आटपायला बघेल, आणि तासाभरात जमतं ते फक्त सिलिकॉन. तुमच्या आधीच्यानेही तेच केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं याला किती वेळ लागतो ते."

बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि कॅरव्हानच्या छपरावर त्याचा ताशा वाजत होता. मग त्यांनी हात पुढे केला, पेन मागून घेतलं, आणि ६३च्या खाली, एसटीच्या लॉगशीटवर लिहीत असतील तशा बारीक, सरळ अक्षरात एक ओळ घातली: 'पैकी ५ तास चुकीचे. पट्टी उलटी बसवली होती, पुन्हा काढून बसवली.'

"हे तर मला माहीतच नव्हतं!" बायको म्हणाली. "कधी झालं हे?"

"पहाटे पाचला."

"मग हे पाच तास किमतीत धरायचे का?"

"धरू नको," बाबा म्हणाले. "पण लिहिलेलं राहू दे."